वेल्श चहा, मॉरिशसचा गणपती आणि आपली शनिवारची शिकवणी



पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून ठेवा आणि शुक्रवारी निवांत वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या पालकांच्या ग्रुपवर तोच विषय पुन्हा निघाला. "त्याला सगळं कळतं हो, पण उत्तर इंग्लिशमध्येच देतो." मग नेहमीप्रमाणे पन्नास मेसेज. कोणी म्हणालं घरात सक्ती करा, कोणी म्हणालं सक्तीने उलट होतं. आणि एकाने लिहिलं, आपण गणपती आणि दिवाळी दणक्यात करू, संस्कृती आपोआप टिकेल. त्या 'आपोआप'पाशी मी अडकले. माझा व्यवसायच असा आहे की खात्यात आपोआप काही जमा होताना मी पाहिलेलं नाही. कोणीतरी भरतं, म्हणून जमा होतं. म्हणून ठरवलं की आपल्याआधी जे लोक असे दूर गेले, त्यांच्याकडे शंभर-दीडशे वर्षांनी नेमकं काय शिल्लक राहिलं आणि त्यासाठी कोणी काय केलं, हे जरा वाचून काढू. गेले काही महिने रात्री तेच चाललंय. (ऑडिटचा सीझन नव्हता, म्हणून जमलं.)

सुरुवात एका अगदी परक्या गोष्टीपासून झाली. लेकीच्या शाळेत एक वेल्श बाई शिकवतात. १ मार्चला, म्हणजे त्यांच्या सेंट डेव्हिडच्या दिवशी, त्या कोटाला पिवळं फूल लावून येतात. त्यांनीच मुलांना सांगितलं की वेल्स सोडून वेल्श भाषा बोलणारं एक गाव जगाच्या पार दुसऱ्या टोकाला, अर्जेंटिनात आहे. मला हे थापच वाटलं. पण ते खरं आहे.

गोष्ट अशी. १८४७ साली इंग्लंडच्या सरकारने वेल्समधल्या शाळांचा एक अहवाल काढला. तपासायला गेलेल्या तिन्ही आयुक्तांना वेल्श येत नव्हतं, आणि निष्कर्ष असा की लोक मागासलेले आहेत ते त्यांच्या भाषेमुळे. त्या काळात तिथल्या कितीतरी शाळांत एक प्रकार चालायचा. जो मुलगा वेल्श बोलताना सापडेल त्याच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवायची. त्याने दुसऱ्या कोणाला वेल्श बोलताना पकडलं की पट्टी त्याच्या गळ्यात. दिवस संपताना ती ज्याच्याकडे असेल त्याला छडी. म्हणजे मुलांनाच एकमेकांवर पहारा द्यायला लावायचं! आपल्या इंग्लिश मीडियमच्या शाळांत मराठी बोललं की दंड घेणारे मॉनिटर आठवले की नाही?

मायकेल डी. जोन्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने ठरवलं की आपली भाषा वाचवायची तर जिथे इंग्लिश पोहोचलेलीच नाही अशा ठिकाणी जायला हवं. (ते स्वतः तिथे राहायला गेले नाहीत, हेही खरं.) १८६५ च्या मे महिन्यात 'मिमोसा' नावाचं जहाज दीडशेच्या आसपास बाया-माणसं-पोरं घेऊन लिव्हरपूलहून निघालं आणि २८ जुलैला पॅटागोनियाच्या किनाऱ्याला लागलं. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा. प्यायला पाणी नाही, झाड नाही. तेह्वेल्चे या तिथल्या मूळ रहिवाशांनी त्यांना शिकार शिकवली, म्हणून ते तगले. पुढे चुबुत नदीचं पाणी कालव्याने शेतात घेतलं, त्याची पहिली कल्पना रेचल जेन्किन्स या बाईची होती असं सांगतात.

पुढची तीसेक वर्षं त्या खोऱ्यात सगळा कारभार वेल्शमध्ये चालला. शाळा, चर्च, न्यायनिवाडा, हिशेब, सगळं. १८९१ साली 'अ द्रावोद' हे वेल्श वर्तमानपत्र निघालं. कविता आणि गाण्यांच्या स्पर्धांचा त्यांचा पारंपरिक मेळा, आइस्टेथ्वॉड, तोही भरायचा. मग अर्जेंटिना सरकारने शाळा ताब्यात घेतल्या आणि शिक्षण स्पॅनिशमध्ये सुरू झालं. इंग्लिशपासून वाचायला सात समुद्र ओलांडले आणि गाठ पडली स्पॅनिशशी. १९११ नंतर वेल्सहून नवी माणसं मोठ्या संख्येने येणं थांबलं. मुलं स्पॅनिशमध्ये शिकली, स्पॅनिश मुलांशी खेळली, त्यांच्यातच लग्नं केली. वेल्श राहिली चर्चमध्ये आणि आजीच्या तोंडी.

आज गायमान गावात गेलात तर वेल्श टी-हाउसेस आहेत, तिथे काळा फ्रूटकेक मिळतो, १९९५ साली प्रिन्सेस डायना येऊन चहा पिऊन गेली ते टी-हाउसही आहे. म्हणजे केक टिकला. भाषेचं काय? १९६५ मध्ये शताब्दी झाली, वेल्समधून पाहुणे आले, तेव्हा दोन्ही बाजूंना पुन्हा एकमेकांची आठवण झाली. पण खरा बदल १९९७ पासून. त्या वर्षापासून वेल्सच्या सरकारी मदतीने दरवर्षी तिकडून पगारी शिक्षक पाठवले जातात. पुढे त्रेलेव शहरात वेल्श आणि स्पॅनिश दोन्ही माध्यमांची शाळा निघाली. ज्यांच्या आईवडिलांना वेल्शचा शब्द येत नव्हता अशी मुलं आज तिथे वेल्श शिकतात. पिवळी फुलं, चहा, केक हे सगळं मधल्या साठ-सत्तर वर्षांतही चालूच होतं. त्याने भाषा परत आली नाही. ती आली ती कोणीतरी पगार द्यायला लागलं तेव्हा.

हे वाचल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न, आपल्यात असं कोणाचं झालंय? अमेरिकेची उदाहरणं सोडा, त्यांना जाऊन अजून दोन-तीन पिढ्याच झाल्यात. दीडशे वर्षांचा हिशेब बघायचा तर मॉरिशस.

ब्रिटिशांनी १८३५ मध्ये मॉरिशसमधली गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे झाले. त्याआधीच, १८३४ पासून, हिंदुस्थानातून करारावर माणसं न्यायला सुरुवात झाली होती. त्या कराराला लोक 'गिरमिट' म्हणायचे, ॲग्रीमेंटचा अपभ्रंश. पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत साडेचार लाखांहून जास्त माणसं पोर्ट लुईच्या बंदरावर उतरली. ज्या जागेवर उतरली ती आज 'आप्रवासी घाट' म्हणून जागतिक वारसा आहे. बहुतेक जण बिहारकडचे, भोजपुरी बोलणारे. काही मद्रासहून. आणि मुंबई बंदरातून जे गेले त्यांत आपले कोकणातले, रत्नागिरीकडचे. एकूण गर्दीत अगदी मूठभर.

त्यांची कागदपत्रं मोक्याच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवली आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर, जहाजाचं नाव, गाव, वय, अंगावरची खूण. रजिस्टर ठेवणाऱ्याला आडनावाशी देणंघेणं नव्हतं. त्याने विचारलं, नाव काय? उतरणाऱ्याने सांगितलं स्वतःचं नाव. तेच फ्रेंच वळणाच्या स्पेलिंगमध्ये लिहिलं गेलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं आडनाव झालं. 'भिवाजी' हे तिथे आडनाव आहे! कोकणातल्या कुठल्यातरी भिवाजीला काय कल्पना असणार की त्याच्या पणतवंडांच्या पासपोर्टवर शेवटच्या रकान्यात तो असेल.

याच भिवाजी कुटुंबाने १८९६ मध्ये हेन्रिएटा नावाच्या वस्तीत पहिला गणपती बसवला असं तिथे मानतात. साल बघा. टिळकांनी पुण्यात सार्वजनिक उत्सवाला जोर लावला त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते. म्हणजे जे लोक लोकसंख्येच्या शेकडा दोनही नाहीत त्यांच्या सणाला अख्खा देश बंद. आपल्या इथे मी त्या दिवशी दुपारी दोन तासांची परमिशन काढून नैवेद्याला घरी पोहोचते, त्यामुळे मला याचं फारच अप्रूप. कोकणातली जाखडी तिथे अजून नाचतात. मराठी मंडळी आहेत, देवळं आहेत, नाटकं होतात.

पण खरी मेख पुढे आहे. मॉरिशसच्या जनगणनेत भाषेचे दोन वेगळे प्रश्न विचारले जातात. एक, तुमच्या पूर्वजांची भाषा कोणती? दोन, घरात तुम्ही नेहमी कोणती भाषा बोलता? पहिल्या रकान्यात मराठी लिहिणारे हजारो आहेत. दुसऱ्या रकान्यात त्यांतले फारच थोडे राहतात. घरात क्रेओल बोलतात, ऑफिसात इंग्लिश-फ्रेंच. आम्हा हिशेबवाल्यांना अशी दोन रकान्यांची वही फार आवडते, कारण फरक लपवता येत नाही. पहिला रकाना म्हणजे अभिमान. दुसरा म्हणजे रोजचा वापर. पहिला भरलेला असला तरी दुसरा रिकामा होऊ शकतो, आणि शंभर-सव्वाशे वर्षं गणपती बसवूनही होऊ शकतो.

मग तिथे मराठी संपली का? नाही, आणि हाच भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला. सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना त्यांच्या पूर्वजांची एक भाषा विषय म्हणून घेता येते, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी वगैरे. त्यासाठी सरकारी पगारावर शिक्षक असतात. पाठ्यपुस्तकं आहेत. पुढे दहावी-बारावीच्या तोडीच्या परीक्षेपर्यंत मराठी घेता येते आणि महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्याही पुढे. या शिक्षकांतले बरेचसे स्वतः क्रेओल बोलत मोठे झालेले. त्यांनी मराठी शाळेत शिकली आणि आता तेच शिकवतात. आपल्या कानाला त्यांची मराठी जरा पुस्तकी वाटते. वाटू दे. ती अस्खलित वाचतात आणि लिहितात. आपली पुण्या-मुंबईतली किती मुलं एक पान मराठी न अडखळता वाचतील?

आणि हे सगळं काही गुण्यागोविंदाने झालेलं नाही. प्राथमिक शाळा संपताना तिथे एक परीक्षा असायची, तिच्या क्रमांकावर चांगली माध्यमिक शाळा मिळायची. त्या क्रमांकात पूर्वजांच्या भाषेचे गुण धरायचे की नाही, यावर वर्षानुवर्षं भांडण चाललं. ज्यांच्या घरी अशी भाषा नव्हती ते म्हणणार, आमच्या मुलांवर अन्याय. हे म्हणणार, गुण नाहीत तर मुलं शिकतील कशाला? दोघांचंही बरोबरच होतं. १९९५ मध्ये सरकारने त्यासाठी घटनादुरुस्ती आणली, ती तीन चतुर्थांश मतांअभावी पडली, संसद विसर्जित झाली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या ६० च्या ६० जागा विरोधकांनी जिंकल्या. भाषेचे गुण धरायचे की नाही यावरून निवडणूक! तुम्हाला हसू येईल. मला नाही आलं. माझी लेक नववीत आहे. ज्या विषयाचे गुण नाहीत त्या विषयाचं पुस्तक ती किती वेळा उघडते हे मी रोज बघते.

आता दुसरी बाजू. असं वाटू शकतं की सरकार पाठीशी असेल तरच भाषा टिकते. तंजावर बघा. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तिथे गेले, १८५५ मध्ये राज्य इंग्रजांनी घेतलं. त्यानंतर मराठीला ना दरबार ना शाळा. तरीही तमिळनाडूत आज अशी घरं आहेत जिथे रोजचं बोलणं त्यांच्या वळणाच्या मराठीत होतं. साडेतीनशे वर्षं! मात्र त्या घरांत लग्नं बरीच वर्षं आपसात होत राहिली, एकाच गल्लीत राहणं, एकत्र कुटुंबं. आणि लिपी बहुतेकांची सुटली. बोलतात मराठी, लिहितात तमिळ. हा रस्ता आपल्याला उपलब्ध नाही. आपल्या मुलांची लग्नं कोणाशी होणार हे आपण ठरवणार नाही, आणि माझ्या मते ठरवूही नये.

तिसरं उदाहरण बेने इस्रायलींचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला आपले पूर्वज जहाज फुटून लागले, अशी त्यांची कथा. तेल गाळायचा धंदा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावोगावी नाव पडलं 'शनवार तेली'. आडनावं आपल्यासारखीच, रोहेकर, पेणकर, किहीमकर. शेकडो वर्षं मराठी हीच त्यांची घरची भाषा. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हग्गादा १८४६ मध्ये मराठीत छापून झाला होता. बायबलातल्या कथांवर ते मराठीत कीर्तनं करत.

१९४८ नंतर ते इस्रायलला जाऊ लागले, आणि तिथे वेगळंच दुःख वाट्याला आलं. तिथल्या काही धर्मगुरूंनी शंका काढली की हे अस्सल ज्यू आहेत कशावरून, यांची इतरांशी लग्नं लावायची का? आंदोलनं झाली. १९६४ मध्ये सरकारने ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं तेव्हा तो वाद मिटत आला. हे डोळ्यांसमोर ठेवून विचार करा. ज्याला रोज सिद्ध करावं लागतंय की मी तुमच्यातलाच आहे, तो आई आपल्या मुलाशी बसमध्ये मोठ्याने मराठी बोलेल? मुलांनी हिब्रू उचलली, शाळेत, सैन्यात, सगळीकडे. मागे राहिली ती मलिदा, पोहे, नारळ, फळं ताटात मांडून एलियाहू हन्नबीच्या नावाने करायचा विधी. तो इस्रायलमध्ये आजही लग्न, बारसं, नवस फेडणं अशा वेळी होतो. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही तिथल्या लोकांनी चालवलं. पण ते वाचणारी पिढी भारतात शिकून गेलेली. नातवंडांना मलिद्याची चव माहीत आहे, मासिकातली अक्षरं नाहीत.

म्हणजे पुन्हा तेच. केक राहतो, मलिदा राहतो, गणपती राहतो. यात कमी लेखण्यासारखं काहीच नाही. उलट, ओळख टिकवायची असेल तर सण आणि ताट हीच भक्कम गोष्ट, ती आपल्या हातून निसटणार नाही याबद्दल मी निश्चिंत आहे. पण भाषा हे वेगळं खातं आहे. सणाच्या खात्यात भरलेले पैसे भाषेच्या खात्यात दिसत नाहीत.

आता आपलं कुवेत. आपण या तिघांपेक्षा वेगळे आहोत आणि त्याचा विचार कोणी करत नाही असं मला वाटतं. पॅटागोनियाच्या लोकांना जमीन मिळाली. मॉरिशसवाल्यांना नागरिकत्व आणि मत मिळालं. बेने इस्रायलींना देश मिळाला. आपल्याला इकामा मिळतो, तोही नोकरी असेपर्यंत. कोणीच इथे म्हातारं होणार नाही. मुलं बारावी झाली की कॅनडा, पुणे, जर्मनी. सलवा म्हणजे मुख्यतः कुवेती कुटुंबांच्या व्हिला, मधूनमधून आमच्यासारख्यांच्या इमारती. मराठी कुटुंबं सालमिया, अब्बासिया, मंगफ, फहाहील अशी पसरलेली. दर दोन-तीन वर्षांनी ग्रुपमधली निम्मी नावं बदलतात. जो बाबा शिकवणी घेत असतो त्याची दोहाला बदली होते आणि शिकवणी बंद. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य शिरलं तेव्हा तर सगळंच एका फटक्यात गेलं. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी १ लाख ७० हजारांवर भारतीय परत नेले. एकेक बॅग घेऊन गेलेली माणसं. त्यांच्या मंडळांच्या वह्या, पुस्तकांची कपाटं कोण बरोबर नेणार? नंतर आलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

आणि तरी या जागेशी आपलं नातं उपरं नाही. तेल सापडायच्या आधी कुवेतचे व्यापारी मोती आणि घोडे घेऊन मुंबईला यायचे, तिथे त्यांच्या पेढ्या होत्या. १९६१ मध्ये कुवेती दिनार येईपर्यंत इथे रुपया चालत होता. माझ्या ऑफिसमधले वयस्कर कुवेती गृहस्थ तिजोरीला अजून 'तिजूरी'च म्हणतात, पंख्याला 'बनका', सरळ जायला 'सीदा'. ही त्यांच्या आजोबांनी आणलेली शिल्लक. बोलणाऱ्यांना ती परकी वाटतच नाही, कारण शब्द रोज लागतो. मुंबईची बाकी किती आठवणी त्या घरांत असतील आणि विसरल्या असतील, पण तिजोरी रोज उघडावी लागते, म्हणून तो शब्द राहिला.

आपल्या बाजूने दोन गोष्टी मात्र जमेच्या आहेत, ज्या गिरमिटियांना नव्हत्या. एक, मुंबई चार तासांवर आहे आणि आजी-आजोबा रोज फोनवर आहेत. मॉरिशसला गेलेल्या माणसाचं घरी एक पत्र पोहोचणंही दुरापास्त. आपल्या मुलांना मराठीचं खरं, जिवंत काम आहे, ते म्हणजे एका माणसाशी बोलणं जिला दुसरी भाषा येत नाही. माझ्या सासूबाईंना इंग्लिश येत नाही, यासाठी मी मनोमन त्यांचे आभार मानते. दोन, भारतीय बोर्डाच्या शाळांत जाणाऱ्या आपल्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी येते. लिपीचं अर्धं काम फुकट झालेलं आहे. 'ळ' आणि काही जोडाक्षरं सोडली तर वाचायला महिनाभर पुरे. ब्रिटिश शाळांतल्या मुलांना मात्र पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल, माझ्या लेकीसकट.

शेजारच्या मल्याळी मंडळींकडे बघा. केरळ सरकारने २००९ मध्ये मल्याळम मिशन काढलं. टप्प्याटप्प्याचे अभ्यासक्रम, प्रत्येकाला फुलाचं नाव, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. इथे कुवेतमध्ये त्यांचे वर्ग चालतात. शिक्षिका बदलली, तरी पुस्तक तेच राहतं, मूल दुबईला गेलं तरी पुढच्या टप्प्यापासून सुरू करतं. आपल्यासारख्या सतत हलणाऱ्या लोकांना नेमकं हेच हवं. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांनीही अभ्यासक्रम आणि परीक्षा बसवल्या आहेत. म्हणजे चाक नव्याने शोधायची गरज नाही, त्यांच्याशी बोलायची गरज आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या ग्रुपचा जमाखर्च मी बघते, हे बहुतेकांना माहीत आहे. गेल्या तीन वर्षांचा मी काढून बघितला. हॉलचं भाडं, जेवण, साउंड, सजावट, मुलांची बक्षिसं, पाहुण्या कलाकारांचं मानधन. भाषा शिकवण्यावर खर्च: शून्य. शिकवण्या झाल्या, पण सगळ्या कोणाच्या तरी हौसेवर, आणि हौस बदलीबरोबर गेली. दिवाळी बंद करा असं मी म्हणत नाहीये. (सुरुवातीलाच सांगते, नाहीतर खाली तेवढ्यावरच कमेंट्स येतील.) पुढच्या महिन्यातल्या बैठकीत माझा प्रस्ताव असा आहे की कार्यक्रमांच्या खर्चातून ठराविक हिस्सा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढायचा आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही.

त्या पैशात महाराष्ट्रातल्या एखाद्या निवृत्त मराठीच्या शिक्षिकेला दरमहा मानधन द्यायचं. इथे शिकवण्यांचे नियम कडक आहेत, ते आधी नीट पाहू. पण त्या तिथूनच व्हिडिओवर शिकवतील. वेल्सचे शिक्षक विमानाने जातात, आपल्या बाई स्क्रीनवर येतील. मात्र मुलं आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसणार नाहीत. सगळी एका घरी जमतील. कारण मॉरिशसच्या दुसऱ्या रकान्याचं कारण तेच होतं, मुलं एकमेकांशी ती भाषा बोलेनाशी झाली. आईशी बोलायची भाषा आणि मित्राशी भांडायची भाषा एक नसेल तर मूल मित्राचीच भाषा ठेवतं. तासानंतर अर्धा तास खेळ आणि वडापाव ठेवू, त्यात काय भाषेत भांडतात ते मी स्वयंपाकघरातून ऐकेन.

शनिवार, सकाळी दहा ते साडेअकरा. जागा आमचा सलव्याचा हॉल, सोफा सरकवला की पंधरा मुलं बसतात. मंगफ-फहाहीलवाल्यांना लांब पडेल, तिकडे कोणाचा हॉल मोठा असेल तर दुसरी तुकडी करता येईल. मॉरिशसची मराठीची प्राथमिक पाठ्यपुस्तकं मिळवता आली तर मला फार हवी आहेत, घरात मराठी न बोलणाऱ्या मुलांसाठीच ती लिहिलेली आहेत. कोणाची तिकडे ओळख असेल तर कळवा. आणि ज्यांच्या ओळखीत निवृत्त शिक्षिका आहेत त्यांनी खाली फक्त 'आहे' लिहा, नंबर कमेंटमध्ये टाकू नका, मी मेसेज करते.